लाल बावट्याला मत द्यायचं का? वाचकांचे प्रश्न, निवडणुकीच्या तोंडावर

या वेळी पेटीत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत, २०२४ च्या लोकसभेला लाल बावट्याला, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला (माकप) मत द्यायचं का, आणि बहुतेक दिंडोरी, नाशिक, सोलापूर भागातली. सोलापूरला ७ मेला मतदान, दिंडोरी-नाशिकला २० मेला, म्हणून इतर सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आणि हेच घेतले. नावं छापलेली नाहीत, गावं-तालुके तेवढे ठेवलेत. मी कोणत्याही पक्षाची मेंबर नाही पण मला मत आहे आणि ते मी लपवणार नाही, पटलं तर घ्या.

प्रश्न : ताई, मी सुरगाणा तालुक्यातला, वय २६, सातपूरला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, मतदान गावाकडंच आहे. आमच्या घरात आजोबांपासून लाल बावटा. वडील २०१८ च्या लाँग मार्चला नाशिकपासून मुंबईपर्यंत चालत गेले होते. आमचा फॉरेस्ट प्लॉट आहे, म्हणजे कसत आलेली वनजमीन, कसतो अडीच एकर आणि पट्टा (हक्काचा कागद) हातात आला तो १८ गुंठ्याचा, बाकीचं अपिलात. या वेळी भाजपविरोधी आघाडीने दिंडोरीची सीट पवार साहेबांच्या राष्ट्रवादीला दिली, भगरे सर उभे आहेत, आणि इकडं माकपचे गावित साहेब पण लढायचं म्हणतात. कंपनीतले मित्र म्हणतात तुझं लाल बावट्याचं मत म्हणजे भाजपलाच मत. वडील म्हणतात बावटा सोडायचा नाही. मला दोन्ही बाजू पटतात आणि झोप येत नाही. काय करू?

हे बघ, तुझ्या मित्रांचं म्हणणं आधी आकड्यावर तपासू, कारण ते वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतं आणि कोणी कागद पेन्सिल घेत नाही. २०१९ ला दिंडोरीत भाजपच्या भारती पवारांना साधारण ५ लाख ६७ हजार मतं, राष्ट्रवादीच्या धनराज महालेंना ३ लाख ६८ हजारांच्या वर आणि माकपच्या जिवा पांडू गावितांना १ लाख ९ हजारांच्या वर. म्हणजे पहिल्या दोघांत जवळपास २ लाखांचा फरक. गावितांची सगळीच्या सगळी मतं उचलून महालेंच्या पारड्यात टाकली असती तरी भाजप नव्वदेक हजारांनी निवडून आलीच असती. त्यामुळे २०१९ ला लाल बावट्यामुळे भाजप आली हे खोटं आहे, सरळ खोटं, आणि ज्याला म्हणायचं असेल त्याला हे आकडे दाखव.

पण २०२४ म्हणजे २०१९ नाही. कांद्याच्या निर्यातबंदीमुळे निफाड, चांदवड, येवल्याकडे जो राग आहे तो तुला सातपूरला बसून सुद्धा कळत असेल, शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, मागच्या वेळी कमळाला मत देणारे किती जण या वेळी देतील हे कोणालाच माहीत नाही. लढत घासून झाली तर मग त्या एक लाख मतांना खरंच किंमत येते. म्हणजे मित्रांचं वाक्य मागच्या वेळेला चूक होतं पण या वेळेला बरोबर ठरू शकतं. म्हणून तुझी झोप उडाली असेल तर त्यात तुझं काही चुकलं नाही, प्रश्नच अवघड आहे.

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगते. तुझी अडचण नेमकी कुठल्या ऑफिसात अडकलीय ते आधी बघ. तुझ्या वडिलांचे ते अडीच एकरातले उरलेले गुंठे लोकसभेत अडकलेले नाहीत. ग्रामसभेची वन हक्क समिती, मग प्रांताकडची उपविभागीय समिती, मग कलेक्टरची जिल्हा समिती, असा तो दावा फिरतो, जीपीएस मोजणी कोणी कशी केली, पुरावा कुठला धरला, कुठला नाकारला, हे सगळं राज्य सरकारच्या माणसांच्या हातात आहे. ते हलतं ते मोर्चाने, धरण्याने, लाल बावट्याच्या किसान सभेने प्रांत ऑफिसला ठाण मांडल्याने आणि आमदाराने विधानसभेत तोंड उघडल्याने. वडील मार्च २०१८ मध्ये जे १८० किलोमीटर चालले ते यासाठीच. ६ तारखेला नाशिकहून निघाले, ११ च्या रात्री सायनच्या सोमय्या मैदानात पोचले आणि सकाळी दहावीच्या पोरांना पेपरला जायला त्रास नको म्हणून मुक्काम मोडून रात्रीतूनच आझाद मैदानापर्यंत चालत गेले, तळपायाची साल निघालेली म्हातारी माणसं त्यात होती. सरकारने लेखी दिलं. त्यातलं पुरतं झालं नाही म्हणून २०१९ ला परत निघावं लागलं, २०२३ ला परत, तेव्हा वाशिंदपर्यंत. म्हणजे गुंठ्यांसाठी जो लाल बावटा तुला लागतो तो बाराही महिने लागतो, त्याची ताकद मतपेटीत कमी आणि रस्त्यावर जास्त आहे. तो तू सोडूच नको, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दिल्लीत काय अडकलंय मग? कायदा. वन हक्क कायदा डिसेंबर २००६ मध्ये संसदेत पास झाला. मूळ मसुद्यात अट अशी होती की २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून जमीन कसत असलात तरच हक्क, तसं राहिलं असतं तर किती प्लॉटधारक बाहेर पडले असते याचा विचार कर. ती तारीख सरकून १३ डिसेंबर २००५ झाली, जास्तीत जास्त चार हेक्टरची मर्यादा आली, आदिवासी नसलेल्या पण पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्यांनाही त्यात घेतलं. हे कोणाच्या कृपेने झालं नाही, देशभरातल्या आदिवासी संघटना लढत होत्या आणि तेव्हाचं मनमोहनसिंग सरकार डाव्यांच्या साठेक खासदारांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभं होतं, एकट्या माकपचे ४३ होते. रोजगार हमीचा केंद्राचा कायदा २००५ चा, माहिती अधिकार पण २००५ चा, सगळा तोच काळ. श्रेय एकट्या डाव्यांचं नाही, पण त्यांचे एवढे खासदार नसते तर हे कायदे या रूपात आले असते असं मला वाटत नाही.

आणि खासदार नसले की काय होतं ते पण बघ. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की ज्यांचे वन हक्क दावे फेटाळले गेलेत त्यांना जमिनीवरून काढा, देशभरात अकरा लाखांहून जास्त दावे. केंद्र सरकारचा वकील तिथे कायद्याच्या बाजूने उभा राहायला हवा होता, तो राहिला नाही म्हणून केवढी ओरड झाली, मग २८ तारखेला कोर्टाने स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. तेव्हा लोकसभेत माकपचे ९ खासदार होते, २०१९ च्या निवडणुकीनंतर ३ उरले. एवढ्या खासदारांनी भाषण होतं, सरकार हलत नाही.

मग मत कोणाला? ६ मे ही अर्ज मागे घ्यायची शेवटची तारीख आहे, तोपर्यंत चित्र बदलू शकतं, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

गावितांचा अर्ज राहिला तर मी तुझ्या जागी असते तर विळा-हातोडा-तारा दाबला असता. का ते सांगते. आज आघाडीचे मोठे मोठे नेते या माणसाला भेटायला का येतायत, फोन का करतायत? कारण मागच्या वेळी एक लाख नऊ हजार माणसांनी हरणार हे माहीत असून बटण दाबलं. ती मतं वाया गेली असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं, आज त्याच मतांना भाव आलाय. तो आकडा वीस हजारांवर आला की सुरगाण्याकडे कोणी बघणार नाही, आणि ऑक्टोबरच्या आसपास विधानसभा येतेय, कळवणची जागा मागायला तोंड उरणार नाही. गावित सात वेळा आमदार झाले ते तुमच्याच भागातून, २०१९ ला पडले, पण झेंडा बदलला नाही. तुमच्या भागात २०१४ ला ज्या बाई राष्ट्रवादीकडून लोकसभेला उभ्या होत्या त्याच २०१९ ला भाजपकडून उभ्या राहून जिंकल्या आणि केंद्रात राज्यमंत्री झाल्या. मी त्यांच्यावर व्यक्तिशः काही बोलत नाही, काम केलं असेल तर ते मोजलंच पाहिजे, पण मतदार म्हणून झेंड्याला काही अर्थ आहे की नाही हे आपण ठरवायचं असतं आणि मला वाटतं आहे.

फक्त एक. तुझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट दिल्लीतलं सरकार बदलणं हीच असेल, बाकी सगळं दुय्यम असेल, तर मग हे माझं वरचं सगळं बाजूला ठेव आणि जो भाजपला हरवू शकतो त्याला मत दे. त्यात गद्दारी नाही. वडिलांना पण तसं सरळ सांग, लपवून दिलेल्या मताचा मनावर फार बोजा राहतो.

आणि अर्ज मागे घेतला गेला तर रुसून घरी बसू नका, कृपा करून. सुरगाणा-कळवणची मतं पडलीच नाहीत तर ती कोणाच्याच हिशोबात येत नाहीत. तेव्हा भगरे सर प्रचाराला येतील तेव्हा तुम्ही तरुण पोरांनी उभं राहून विचारा, प्लॉटधारकाचं नाव सातबाऱ्यावर इतर हक्कात न ठेवता कब्जेदार म्हणून लावायचं यावर तुमची भूमिका काय, कोर्टात अडकलेल्या पेसा भरतीचं, म्हणजे आदिवासी भागातल्या नोकरभरतीचं काय, सगळ्यांसमोर सांगा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. मत द्याल तर ते मागून घेऊन द्या.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक, वय ५८. ऐंशी सालापासून शरद जोशींच्या संघटनेचा बिल्ला लावलेला माणूस. कम्युनिस्ट म्हणजे सरकारने सगळं नियंत्रण करावं म्हणणारे, आणि आमचं वाटोळं नियंत्रणानेच केलं. पण मागच्या वर्षी कांद्यासाठी चालत निघाले ते लाल टोपीवालेच. आता मुलगा म्हणतो या वेळी त्यांनाच द्या. मला पचत नाही.

दादा, तुम्हाला पचत नाही हे मला समजतं आणि तुम्ही पचवून घ्यावं असा माझा आग्रह पण नाही. मतभेद खरा आहे. शेतकरी संघटनेचं म्हणणं बाजार मोकळा सोडा, किसान सभेचं म्हणणं सरकारने हमीभाव द्यावा आणि खरेदी करावी. हे दोन टोकाचे रस्ते आहेत आणि एका मोर्चाने ते एक होत नाहीत.

पण निर्यातबंदीवर दोघंही एकाच बाजूला आहेत हे लक्षात घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, ऑक्टोबरला ८०० डॉलर किमान निर्यात किंमत, ८ डिसेंबरला सरळ बंदी. ३१ मार्चला संपेल म्हणाले होते, संपायच्या आत मुदत वाढवली. आणि एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २ हजार टन निर्यातीची परवानगी दिली तेव्हा लासलगावात माणसं किती चिडली ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून बघितलंय. चाळीत कांदा भरून ठेवायचा, रोज हात घालून बघायचा किती सडला, आणि भाव वर यायला लागला की दिल्लीहून नोटिफिकेशन. हे ज्याच्या घरात चाललंय त्याला मी काय वेगळं सांगणार.

मार्च २०२३ चा मोर्चा दिंडोरीहून निघाला, त्यात कांद्याला मदत ही मागणी होती आणि सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. श्रेय त्या मोर्चाला आहे, विधानसभेत ओरडणाऱ्या विरोधकांना पण थोडं आहे.

तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं तर, तुमचा प्रश्न दिल्लीत अडकलाय. निर्यात उघडायची की बंद ठेवायची हे ना प्रांत ठरवतो ना मुख्यमंत्री, ते केंद्राचं वाणिज्य खातं ठरवतं. मग दिल्लीत सरकार कोणाचं हवं ते ठरवा आणि तुमच्या मतदारसंघात त्या सरकारच्या बाजूचा किंवा विरोधातला जो उमेदवार निवडून येण्यासारखा आहे त्याला द्या. सुरगाण्याच्या मुलाला मी वेगळं सांगितलं आणि तुम्हाला वेगळं सांगतेय, कारण त्याची आणि तुमची गरज वेगळी आहे. निफाडमध्ये लाल बावट्याचं संघटन तेवढं नाही, तिथे तुमच्या एका लाल मताने ना कळवणची जागा पक्की होते ना निर्यात सुटते. मुलाला म्हणावं किसान सभेच्या मोर्चात जायचं तर जरूर जा, चप्पल चांगली घाल.

आणि कोणालाही मत दिलंत तरी काँग्रेसच्या काळात सुद्धा कांद्यावर बंदी आलीच होती हे उमेदवाराला ऐकवा. तुम्ही संघटनेवाले आहात, ते ऐकवायचा अधिकार तुमच्याइतका कोणालाच नाही.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे. नाशिकचे मोर्चे वगैरे ठीक आहे, सहानुभूती आहे. पण बंगालमध्ये ३४ वर्षं राज्य करून डाव्यांनी काय केलं? उद्योग घालवले, गुंडगिरी केली. आणि केरळात काँग्रेसशी मारामारी, इकडे काँग्रेसच्या गळ्यात गळा. अशा पक्षाला नॅशनल इलेक्शनमध्ये सिरियसली का घ्यायचं?

दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही रास्त आहेत.

बंगाल. १९७७ ते २०११. सुरुवातीच्या वर्षांत ऑपरेशन बर्गा, म्हणजे कुळांची नोंदणी, लाखो बटाईदारांची नावं कागदावर आली, जमीनमालक त्यांना मनात येईल तेव्हा काढू शकत नव्हता, आणि पंचायतींच्या निवडणुका नियमित झाल्या. हे ग्रामीण भारतात त्या काळात मोठं काम होतं आणि ते पुसून टाकता येत नाही. पण पुढे पक्ष आणि सरकार आणि गावचा दादा हे एकच झालं, शाळेत नोकरीपासून घराच्या परवानगीपर्यंत पक्षाला विचारल्याशिवाय काही होईना. आणि ज्या पक्षाने शेतकऱ्याला जमीन दिली त्याच पक्षाच्या सरकारने सिंगूरला मोटारीच्या कारखान्यासाठी जमीन घेतली, आणि १४ मार्च २००७ ला नंदीग्राममध्ये पोलिसांनी गोळीबार केला, १४ माणसं गेली. मला ते आजही माफ करता येत नाही. सुरगाण्यात ज्या झेंड्याखाली माणसं जमिनीसाठी चालतात त्याच झेंड्याच्या राज्यात जमीन वाचवणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे महाराष्ट्रातल्या डाव्या कार्यकर्त्यांना विचारलंच पाहिजे आणि त्यांनी टाळू नये. बंगालच्या मतदाराने उत्तर दिलंच आहे, २०१९ ला तिथून डाव्यांचा एकही खासदार नाही, २०२१ ला एकही आमदार नाही.

महाराष्ट्रात त्यांचा एक आमदार आहे, डहाणूचे विनोद निकोले. इथे ते सत्तेत कधीच नव्हते म्हणून इथले हात स्वच्छ, असं पण म्हणता येईल, ते मी नाकारत नाही. पण मग मतदार म्हणून मला इथे जे दिसतं त्यावरच मी ठरवणार ना. निवडणूक रोख्यांचं, म्हणजे नाव न कळता पक्षाला देणगी द्यायच्या योजनेचं बघा. माकप आणि भाकप (भारतीय कम्युनिस्ट पक्ष) दोघांनी एकही रोखा घेतला नाही, माकप तर कोर्टात गेली, आणि १५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने अख्खी योजनाच घटनाबाह्य ठरवली. मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या तेव्हा कोणी किती घेतलं ते सगळ्यांनी वाचलं. ज्या पक्षांना रोखे मिळालेच नसते त्यांनी नाकारण्यात काय मोठं, असं एक मित्र मला म्हणाला. पण केरळात तेव्हा सत्तेत असलेल्या पक्षाला कोणी दिलेच नसते हे मला पटत नाही.

केरळचं. हो, वायनाडला २०२४ ला राहुल गांधींच्या विरोधात भाकपच्या अॅनी राजा उभ्या राहिल्या आणि दिल्लीत दोघं एकाच आघाडीत. लोकांना विचित्र वाटतं. पण २०२४ च्या निवडणुकीआधी केरळात भाजपचा लोकसभेत एकही खासदार नव्हता, तिथे खरी लढत या दोघांतच होती, तिथे एकत्र आले तर विरोधी पक्षाची जागा कोण घेईल हे तुम्हीच सांगा. याला मी दुटप्पीपणा म्हणणार नाही. त्यापेक्षा २००८ जास्त गंभीर आहे. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी मनमोहनसिंग सरकारचा पाठिंबा काढला, सरकार पडलं नाहीच, आणि पुढच्याच वर्षी ४३ चे १६ झाले. ज्या जागेवरून वन हक्क आणि रोहयो मिळवली ती जागा, ज्या प्रश्नावर गावातला एकही मजूर मत देत नाही त्या प्रश्नावर सोडली. तत्त्व म्हणून बरोबर असेल, मला वाद घालायचा नाही, पण किंमत तुमच्या-माझ्यापेक्षा प्लॉटधारकाने जास्त मोजली.

सिरियसली का घ्यायचं या प्रश्नावर एवढंच म्हणेन की पुण्यात तुमच्यासमोर यांचा उमेदवारच नसेल, तेव्हा हा प्रश्न तुमच्यासाठी मताचा कमी आणि मताबाहेरच्या पाठिंब्याचा जास्त आहे. तुमच्या कंपनीत हाऊसकीपिंगच्या बायकांना किमान वेतन मिळतं का, पीएफ भरला जातो का, हे कधी विचारून बघा, आणि त्यांची युनियन करायला कोण येतं ते पण बघा.

प्रश्न : मी सोलापूरची, आई बिडी वळायची, आता डोळ्यांनी होत नाही. आम्हाला रे नगर वसाहतीत घर मिळालं, माकपच्या आडम मास्तरांमुळे. पण १९ जानेवारीला चाव्या मोदींच्या हस्ते दिल्या. शेजारच्या बायका म्हणतात ज्याने घर दिलं त्याला मत द्यायचं. मास्तरांचा पक्ष आघाडीत, म्हणजे काँग्रेसच्या प्रणिती शिंदेंना मत द्या म्हणतात, आणि आम्ही वर्षानुवर्षं विधानसभेला त्यांच्याच विरोधात मास्तरांना मत दिलंय. डोकं चालेना.

अगं, आधी घराबद्दल मनापासून अभिनंदन. आईला स्वतःच्या दाराला कुलूप लावता येतंय ही किती मोठी गोष्ट आहे.

घर कोणी दिलं? याचं खरं उत्तर एका नावात बसत नाही. बिडी कामगार बायकांनी मागणी केली, वर्षभराचे पैसे साठवून हप्ते भरले, नरसय्या आडम आणि सिटू या डाव्या कामगार संघटनेने ते प्रकरण मुंबई-दिल्लीच्या दारात वर्षानुवर्षं नेलं. त्याआधी कुंभारीलाच गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरं, तेव्हा पंतप्रधान मनमोहनसिंग होते आणि २००६ ला ते आले होते. आता रे नगर, तीस हजारांची योजना, त्यातली पंधरा हजार घरं या जानेवारीत. पैसा पंतप्रधान आवास योजनेतून आला, तो सरकारचा आणि म्हणून तुमचाच कराचा. मोदी सरकारने मंजूर केलं हे खरं आहे आणि ते मान्य करायला मास्तर सुद्धा कचरले नाहीत, २०१९ च्या जानेवारीत पायाभरणीला त्यांनी व्यासपीठावरून मोदींचं कौतुक केलं तर त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. मला त्या वेळी पक्षाचं ते वागणं अजिबात आवडलं नव्हतं. माणूस बायकांना घरं मिळवून देतोय आणि आभार मानले म्हणून शिक्षा?

म्हणून शेजारणींना चूक म्हणू नकोस. ज्याने घर मंजूर केलं त्याला मत देणं हा एक सरळ विचार आहे. पण घर मिळालं हा झाला एक हिशोब. आईला पेन्शन किती मिळते, पीएफ मिळाला का, हजार बिड्यांना मजुरी किती, डोळे गेले तर इलाज कोणी केला, हे बाकीचे हिशोब पण मतात येऊ देत. आणि घर ही कोणाची भेट नाही, तुम्ही हप्ते भरलेत, त्या घरात राहून तुम्ही कोणालाही मत देऊ शकता, त्याने घर जात नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण दुसऱ्या एका बाईंनी मला अगदी तसंच विचारलं की दुसऱ्याला मत दिलं तर घर काढून घेतील का. नाही, कोणीही काढून घेऊ शकत नाही आणि तुझं मत कोणाला गेलं हे कोणाला कळू पण शकत नाही.

प्रणिती शिंदेंचं. विधानसभेला त्यांच्या विरोधात आणि लोकसभेला त्यांच्या बाजूने, हे मनाला जड जातं. पण मास्तर म्हणतात म्हणून देऊ नको आणि मास्तरांचा राग म्हणून टाळू पण नको. ही निवडणूक दिल्लीची आहे. कामगार कायदे बदलून चार नव्या संहिता संसदेने केल्या आहेत, शेवटच्या तीन २०२० ला, २०२४ च्या या निवडणुकीपर्यंत त्या लागू झाल्या नव्हत्या. बिडी कामगारांच्या कल्याण निधीचा जो उपकर होता तो जीएसटी आल्यावर बंद झाला, त्यावर दवाखाना आणि पोरांची स्कॉलरशिप चालायची. हे दिल्लीचे प्रश्न आहेत. यावर कोण काय म्हणतंय ते भाजपचे राम सातपुते आणि प्रणिती शिंदे दोघांच्या सभेत विचार, आणि उत्तर ऐकून ठरव. माझं मत विचारशील तर मी आघाडीला देईन, या दोन कारणांसाठी. विधानसभेला परत मास्तर उभे राहिले तर परत मास्तरांना दे की, त्यात अडचण काय आहे?

प्रश्न : गावितांचा अर्ज गेला तर आम्ही ठरवलंय, अख्खा पाडा नोटा (यापैकी कोणीही नाही) दाबणार. (पेठ तालुका)

नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा पहिला उमेदवार खासदार होतो, फेरनिवडणूक होत नाही. कोणाला धडा शिकवायचा असेल तर नोटाने तो शिकवला जात नाही, ती संख्या दुसऱ्या दिवशी पेपरात एका ओळीत येते. अख्खा पाडा एकत्र आहे ना, मग एकत्र बसून दोन मागण्या लिहा आणि ज्या उमेदवाराने पाड्यावर येऊन त्या ऐकल्या त्याला एकत्र मत द्या. एक अख्खा पाडा एका बाजूला जातोय म्हटल्यावर उमेदवार येतो.

प्रश्न : पक्षाची मान्यता जाऊ नये म्हणून तरी मत द्या असं कार्यकर्ते सांगतात, खरं आहे का?

भाकपची राष्ट्रीय पक्ष म्हणून मान्यता एप्रिल २०२३ मध्ये गेली, त्यामुळे भीती आहे हे खरं. माकपची अजून आहे, पण ती टिकलीय ती चार राज्यांतल्या राज्य पक्षाच्या मान्यतेवर, केरळ, बंगाल, त्रिपुरा, तमिळनाडू. दिंडोरीतल्या मताने ती वाचत पण नाही आणि जात पण नाही. गावितांना मत द्यायचं तर गावितांच्या कामासाठी द्या, मान्यतेसाठी नको.

प्रश्न : कंपनी २० मेला सुट्टी देत नाही म्हणते, गाव लांब आहे.

सोमवार आहे, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावीच लागते, रोजंदारीवर असाल आणि कॉन्ट्रॅक्टवर असाल तरी. नाशिक आणि दिंडोरी दोन्हीकडे त्याच दिवशी मतदान असल्यामुळे गाव दुसऱ्या मतदारसंघात आहे हे कारण पण चालणार नाही. एचआरला अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नाही ऐकलं तर जिल्हा निवडणूक कार्यालयात आणि कामगार उपायुक्तांकडे तक्रार करा. एसटी रविवारी संध्याकाळची पकडा, सोमवारी सकाळी सुरगाणा-पेठकडे गर्दी होणार. मतदार कार्ड सापडत नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, फोटो असलेलं बँक पासबुक किंवा मनरेगाचं जॉब कार्ड चालतं. नुसती मतदार चिठ्ठी चालत नाही.